टोपी घालून बसता येईल अशी हॉट रॉड

फोर्डच्या 1931 सालच्या मॉडेल ए पिकअपमध्ये सीटची पाठ जिथे संपते तिथेच केबिनचा मागचा पत्रा सुरू होतो. सीट मागे सरकवायला जागाच नाही. समोर स्टिअरिंगचं भलंमोठं चाक, त्यापलीकडे डॅशबोर्ड, आणि डॅशबोर्डच्या मागेच पेट्रोलची टाकी. सव्वासहा फूट उंचीचा, सव्वाशे किलो वजनाचा माणूस या केबिनमध्ये कसाबसा शिरतो, पण क्लच दाबायला पाय उचलला की गुडघा चाकात अडकतो. जुनी हॉट रॉड घ्यायचं स्वप्न वर्षानुवर्षं बाळगलेले कितीतरी धिप्पाड लोक या एका क्षणी नाउमेद होतात. दोष त्यांच्या शरीराचा नाही. ही गाडी अशी का घडली आणि तिच्या भावंडांपैकी कोणत्या गाडीत माणसाला जागा ठेवली गेली, हे समजून घेतलं तर निवड बरीच सोपी होते.

हॉट रॉड म्हणजे जुनी अमेरिकन गाडी, बहुतेक वेळा फोर्ड, अनावश्यक भाग काढून हलकी केलेली आणि जास्त ताकदीचं इंजिन बसवलेली. हा शब्द दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाला रूढ झाला, पण उद्योग त्याआधीचा. कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक आणि एल मिराजसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर तरुण पोरं 1930च्या दशकात गाड्या पळवत होती. 1937मध्ये तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन केली. या पोरांच्या हाती आलेल्या गाड्या म्हणजे वडीलधाऱ्यांनी वापरून टाकलेल्या फोर्ड. मॉडेल टी 1908 ते 1927 या काळात दीड कोटींच्या घरात बनली होती, तिच्यामागून आलेली मॉडेल ए 1931 संपेपर्यंत अठ्ठेचाळीस लाखांवर गेली होती. भंगारात ढीग पडलेले, किंमत मामुली.

या गाड्या अरुंद का, याचं उत्तर बाहेरून बघितलं की मिळतं. त्या काळी चाकांवर वेगळी मडगार्डं, त्यांना जोडणारी लांब पायरी, आणि माणसांची खोली या सगळ्याच्या आत. गाडी रस्त्यावर जेवढी रुंदी अडवायची तिचा मोठा वाटा पायऱ्यांनाच जायचा. शिवाय मागची माणसं थेट मागच्या आसावर बसायची, म्हणून बॉडी उंच होती. म्हणजे डोक्याला जागा, पण खांद्यांना आणि गुडघ्यांना नाही. मॉडेल टीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर, 100 इंच होता. मॉडेल एचा साडेतीन इंचांनी वाढला, 1932च्या फोर्डचा 106 झाला. अमेरिकेत बनलेल्या टूरिंग, म्हणजे उघड्या चार-पाच माणसांच्या, टीला तर बरीच वर्षं चालकाच्या बाजूला उघडणारं दारच नव्हतं, नुसता दाराचा ठसा होता. चालक पलीकडच्या बाजूनं चढून सरकत स्टिअरिंगमागे यायचा. अंगानं मोठ्या माणसानं हे रोज कसं केलं असेल, याची कल्पना केली तरी दम लागतो.

आता यावर शर्यतीचं गणित चढलं. वेग वाढवायचा तर वजन आणि हवेला आडवा येणारा पृष्ठभाग कमी करायचा. म्हणून सगळ्यांची पहिली पसंती रोडस्टर, म्हणजे पक्कं छत आणि बाजूच्या काचा नसलेली दोन माणसांची गाडी. टायमिंग असोसिएशननंही सुरुवातीची बरीच वर्षं बंद गाड्यांना आपल्या शर्यतीत घेतलं नाही. कूप (छोट्या केबिनची, छताची दोन दारी गाडी) आणि सेडानवाल्यांना रसेटा नावाच्या दुसऱ्या संघटनेकडे जावं लागायचं. तिथे ज्या कूप पळाल्या त्यांची छतं कापून इतकी खाली आणलेली असायची की चालक काचेच्या फटीतून बघायचा. याला ‘चॉप’ म्हणतात. बॉडी चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, न ठेवता तिच्याभोवती खाली सरकवायची, तो ‘चॅनल’. चॉपनं डोक्याची जागा जाते, चॅनलनं पायांची, कारण बॉडी जेवढी खाली उतरते तेवढी आतली फरशी वर येते. आज हॉट रॉडचं म्हणून जे रूप आपल्या मनात आहे, ते या दोन कापाकापींनी घडवलेलं आहे.

ती कापणारी पोरं अठरा-वीस वर्षांची होती, काही नुकतीच युद्धावरून परतलेली. शरीरं सडपातळ. एकूण अमेरिकाही तेव्हा सडपातळच होती. तिथल्या सरकारी आरोग्य पाहणीनुसार 1960च्या सुरुवातीला प्रौढ पुरुषाचं सरासरी वजन 166 पौंड होतं, 2002पर्यंत ते 191 पौंडांवर गेलं. पंचवीस पौंड, म्हणजे अकरा किलोंहून जास्त. गाडीचा पत्रा मात्र होता तेवढाच राहिला. 1932च्या रोडस्टरमध्ये कसंबसं बसणाऱ्या आजच्या माणसाला वाटतं आपलंच काही चुकलं. चुकलेलं काही नाही, ती गाडी दुसऱ्या एका पिढीच्या अंगाला बेतलेली आहे.

1932 साल या सगळ्या कथेच्या मध्यावर आहे. त्या वर्षी हेन्री फोर्डनं सर्वसामान्यांच्या किमतीत व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरांचं, इंजिन आणलं. 221 घनइंच, 65 अश्वशक्ती, आणि सिलिंडरांचा ठोकळा एकसंध ओतलेला. पेट्रोलची टाकी याच वर्षी डॅशबोर्डमागून निघून गाडीच्या मागे गेली. एडसेल फोर्डच्या देखरेखीखाली घडलेली तिची बॉडी इतकी देखणी होती की ‘ड्यूस’ या लाडक्या नावानं ती आजही ओळखली जाते. पण ड्यूस एक नाही, तिची अनेक रूपं आहेत, आणि धिप्पाड माणसासाठी सगळा फरक तिथेच पडतो. रोडस्टर आणि कूपमध्ये सीट अखंड बाकासारखी, आणि तिच्यामागे लगेच बॉडीची भिंत. टूडोर या दोन दारांच्या सेडानमध्ये मात्र पुढच्या दोन सीट सुट्या, कारण मागच्यांना आत जायला त्या हलवाव्या लागत. मागच्या सीटचा मोह सोडला तर चालकाची सीट हवी तेवढी मागे नेता येते. छतही उंच. व्हिक्टोरिया या रूपाचंही तसंच.

हेच मॉडेल एच्या टूडोरला लागू आहे. ही गाडी लाखांनी विकली गेली, आणि शर्यतवाल्या पोरांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती बाजारहाटाची, मुलांना चर्चला नेण्याची गाडी. पोरांनी नाकारली म्हणून ती कापली गेली नाही, आणि कापली गेली नाही म्हणून तिच्यात माणसाला बसायला जागा उरली. मला या इतिहासातला हा धागा सर्वांत मोलाचा वाटतो. मोठ्या अंगाच्या माणसानं गाड्यांचा हा नाकारलेला वर्गच आधी बघावा.

1934च्या आसपास मोटारींची मांडणी बदलू लागली. क्रायस्लरनं त्या वर्षी एअरफ्लो आणली. इंजिन पुढच्या आसावर सरकवलं, सगळी माणसं दोन्ही आसांच्या मध्ये आणली, पुढच्या सीटवर तिघं शेजारी बसतील एवढी रुंदी दिली. लोकांना तिचं गोल नाक रुचलं नाही आणि ती विकली गेली नाही, पण आतली मांडणी बरोबर होती. 1935च्या फोर्डनं तीच वाट धरली: इंजिन पुढे गेलं, मागची सीट आसाच्या पुढे आली, व्हीलबेस 112 इंच. जनरल मोटर्सनं त्याच वर्षाच्या गाड्यांना एकसंध पोलादी छत दिलं. त्याआधी छताच्या मधोमध कापड ताणलेलं असायचं. शेवरलेच्या बॉडीत 1936पर्यंत लाकडी सांगाडाही होता, 1937पासून ती पूर्ण पोलादाची झाली. हॉट रॉडवाले शेवरलेपेक्षा फोर्डकडे वळले याचं एक कारण हे लाकूड. ते कुजतं, आणि कुजलं की दारं लोंबू लागतात. जुनी शेवरले बघायला जाणाऱ्यानं आजही आधी दार उचलून पाहावं.

1935 ते 1948 या काळातल्या गोल, फुगीर मडगार्डांच्या गाड्यांना नंतर ‘फॅट फेंडर’ हे नाव पडलं. 1941मध्ये फोर्डचा व्हीलबेस 114 इंच झाला, शेवरलेचा 116, बॉडी रुंद झाली आणि पायऱ्या जवळजवळ दाराखाली लपल्या. पायरीची रुंदी माणसाच्या खांद्याला मिळू लागली ती इथून. 1939पासून फोर्डला हायड्रॉलिक ब्रेकही आले होते, म्हणजे पायाचा जोरही कमी लागायचा. 1949च्या फोर्डनं पायऱ्या आणि सुटी मडगार्डं कायमची पुसली, दोन्ही बाजू सपाट केल्या. मोठ्या माणसाच्या दृष्टीनं 1941 ते 48च्या सेडान हा या सगळ्या वंशावळीतला सर्वांत उदार कप्पा आहे असं माझं मत आहे. दिसायला जुनी, पण आत बसल्यावर खांदा दाराला घासत नाही. याउलट त्याच काळातली विलिस कूप ड्रॅग, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या छोट्या अंतराच्या, शर्यतींमुळे फार लोकप्रिय, पण मुळात छोटी, काटकसरीची गाडी. नाव ऐकून तिच्यामागे धावू नये.

क्रायस्लरच्या के. टी. केलर यांचं नाव हॉट रॉडच्या गप्पांमध्ये फारसं निघत नाही, निघायला हवं. 1935पासून 1950पर्यंत ते कंपनीचे अध्यक्ष होते. गाडीत टोपी घालून ताठ बसता आलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यामुळे 1949 ते 1952च्या प्लिमथ, डॉज आणि क्रायस्लर उंच छताच्या, खुर्चीसारख्या उंचीच्या सीटच्या बनल्या. शेजारी फोर्ड आणि शेवरले ठेंगण्या, लांबट होत चाललेल्या. लोकांनी डोळ्यांचं ऐकलं आणि 1952मध्ये फोर्डनं क्रायस्लरला मागे टाकून विक्रीत दुसरा क्रमांक घेतला. नंतर डिझाइनर व्हर्जिल एक्सनर यांनी कंपनीच्या गाड्यांचं रूप पालटून टाकलं. पण केलर यांच्या गाड्यांत आजही सहा फुटांचा माणूस मान न वाकवता बसतो. छत कापायची बुद्धी कुणाला झाली नसेल तर.

पिकअपची कथा याला समांतर आहे. युद्धापूर्वीच्या केबिन कोंदट. 1947च्या उन्हाळ्यात शेवरलेनं ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ ट्रक आणले, तिघं शेजारी बसतील अशा रुंद केबिनचे. पुढच्या वर्षीच्या फोर्ड एफ-1नं आपल्या केबिनची जाहिरातच ‘दहा लाख डॉलरची केबिन’ अशी केली. पिकअपचीच आवड असेल तर 1931ची सोडून 1948कडे यावं. सतराच वर्षांचा फरक, पण आत बसलं की दोन वेगळी युगं.

हॉट रॉडिंग कुटुंबाचा छंद झालं ते 1970नंतर. त्या वर्षी इलिनॉयमधल्या पिओरियात पहिला राष्ट्रीय स्ट्रीट रॉड मेळावा भरला. 1948पर्यंतच्या गाड्या ही तेव्हाची रेषा. शेकडो मैल चालवत, बायकोमुलांना घेऊन लोक तिथे यायचे, आणि मग सेडानची किंमत कळली. 1955मध्ये आलेलं शेवरलेचं छोट्या ठोकळ्याचं व्ही-8 एव्हाना सगळीकडे बसत होतं. आटोपशीर, हलकं, भरवशाचं. मात्र एक मेख आहे: त्याच्यामागे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लावला की फरशीचा मधला उंचवटा मोठा करावा लागतो आणि तो चालकाच्या उजव्या पायाची जागा खातो. इंजिनला जागा करायला फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधली भिंत, आत ढकलली असेल तर आणखी. ऑटोमॅटिकनं क्लचचं पेडल जातं, ही मोठ्या माणसाची कमाई. ती या उंचवट्यात गमावली जात नाही ना, हे बूट घालून बसून बघायला हवं.

जागा काढण्याचे उपायही या काळात पक्के होत गेले. फरशी कापून चासीच्या पट्ट्यांमध्ये खोल करायची, सीटचा जाड स्प्रिंगचा पाया काढून पातळ फोम बसवायचा, वर-खाली झुकणारा स्टिअरिंगचा दांडा आणि लहान व्यासाचं चाक लावायचं, मॉडेल एची डॅशबोर्डमागची टाकी काढून मागे न्यायची. 1933-34च्या फोर्डची दारं मागच्या कडेला बिजागरी असलेली, म्हणून पाठमोरं बसून पाय आत घेता येतात, जड माणसाला हे फार सोयीचं. पण चालू गाडीत असं दार सुटलं तर वारा ते उपटून काढतो, तेव्हा जादा कडी हवीच. फायबरग्लासच्या नव्या बॉडीत काही कारागीर दारच इंच-दोन इंच लांब करतात. शुद्धतावादी नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. डॅन गर्नी हे शर्यतपटू तरुणपणी कॅलिफोर्नियातच हॉट रॉड बांधलेले, एकोणिसाव्या वर्षी युटा राज्यातल्या बॉनविलच्या मिठागरावर स्वतःची गाडी ताशी 138 मैलांनी पळवलेले, सहा फूट चार इंचांचे. फ्रान्समधल्या ल मांसच्या 24 तासांच्या शर्यतीत 1967मध्ये फोर्डनं त्यांच्या हेल्मेटसाठी छतावर फुगवटा काढला, आणि सहचालक फॉइट यांच्या जोडीनं गर्नी ती शर्यत जिंकले. विजेत्या गाडीचं छत माणसाप्रमाणे बदललं, तर टूडोरची फरशी दोन इंच खाली न्यायला कसला संकोच.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला हे सगळं करता येतं. महाराष्ट्रात नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रूपात बदल करू देत नाही, आणि 2021च्या विंटेज गाड्यांच्या नियमांत पन्नास वर्षं जुन्या गाडीची चासी, बॉडी, इंजिन यांत मोठी फेरफार झालेली चालत नाही. म्हणजे इथे कारखान्यानं दिली तेवढीच जागा. ती मुबलक असलेल्या गाड्या मात्र आपल्याकडे बनल्या आहेत: जनरल मोटर्सनं शिवडीत 1928पासून शेवरले जोडल्या, आणि वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं 1947पासून कुर्ल्यात डॉज आणि प्लिमथ. कुर्ल्याच्या त्या डॉजमध्ये स्टिअरिंग उजवीकडे आहे, छत मात्र केलर यांच्याच मापाचं.