सरस म्हणून बाजूला राहिलेल्या पेशी

अल्झायमर किंवा कंपवात म्हटलं की मरत चाललेले न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशी, डोळ्यांसमोर येतात. त्यांच्या भोवतीच्या ग्लिया पेशी मात्र शंभराहून अधिक वर्षं दुय्यमच राहिल्या, आणि मला वाटतं यात त्यांच्या नावाचाही वाटा आहे. जर्मन रोगशास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्खो यांनी १८५६ साली न्यूरॉनांच्या मधल्या पदार्थाला 'न्यूरोग्लिया' म्हटलं. ग्रीकमध्ये ग्लिया म्हणजे चिकटवायचा सरस. सरस आजार घडवेल, असं कुणाच्या मनात येणार?

खरं तर आलोइस अल्झायमर यांनी १९०७ च्या आपल्या छोट्याशा टिपणातच ग्लियांची नोंद केली होती. ग्लियांनी भरपूर तंतू तयार केलेत आणि त्यांतल्या अनेकींत चरबी साठली आहे, असं त्यांनी लिहिलं. पाठ्यपुस्तकांत गेले ते फक्त न्यूरॉनमधले प्रथिनांचे गुंते आणि बाहेरचे प्रथिनांचे साठे.

१९१९ मध्ये माद्रिदच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी सिल्व्हर कार्बोनेटचा रंग वापरून मायक्रोग्लिया, म्हणजे ग्लियांमधल्या मेंदूच्या प्रतिकारपेशी, वेगळ्या ओळखल्या. निरोगी मेंदूत त्या बारीक फांद्या पसरून असतात. इजा झाली की फांद्या आखडतात, पेशी गोल होते, जखमेकडे सरकते आणि मेलेलं गिळते. इतकं नेमकं वर्णन हाती असूनही पुढची कितीतरी दशकं त्यावर फारसं काही उभं राहिलं नाही. शरीराच्या प्रतिकारव्यवस्थेपासून मेंदू अलिप्त असतो, ही समजूत घट्ट होती.

ती समजूत हलवण्यात व्हँकुव्हरच्या पॅट्रिक आणि एडिथ मॅकगीर यांचा मोठा हात आहे. १९८८ मध्ये त्यांच्या गटाने कंपवात आणि अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत मृत्यूनंतर पाहणी केली, तेव्हा चेतलेल्या मायक्रोग्लिया मोठ्या संख्येने दिसल्या. त्यातच संधिवाताच्या रुग्णांत अल्झायमर कमी आढळतो, असंही दिसू लागलं. हे रुग्ण दाह कमी करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेतात, म्हणून मग अशा दाहशामक गोळ्यांवर आशा बसली. नेप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या दोन दाहशामक औषधांची मोठी चाचणी हृदयविकाराच्या शंकेमुळे २००४ च्या डिसेंबरमध्ये थांबवावी लागली, आणि संरक्षणही सापडलं नाही. माझ्या मते चूक दाह म्हणजे बंद करायचा एकच नळ, असं मानण्यात होती.

दरम्यान चित्र बदललं. २००५ मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत लेझरने इवलीशी जखम केली, तर आसपासच्या मायक्रोग्लियांनी काही मिनिटांत तिच्याभोवती फांद्यांचं कुंपण घातलं. २०१३ मध्ये जनुकशास्त्राने मोठा पुरावा दिला: ट्रेम-२ या जनुकातला एक दुर्मिळ बदल अल्झायमरचा धोका साधारण तिपटीने वाढवतो. मेंदूत हे जनुक मुख्यतः मायक्रोग्लियांतच काम करतं. जनुकातला बदल जन्मापासूनचा, त्यामुळे मायक्रोग्लियांचा बिघाड हा रोगाचा नुसता परिणाम आहे, असं म्हणणं अवघड झालं. त्यात हा बदल त्यांचं काम मंदावणारा. म्हणजे इथे त्या कमी पडल्याने नुकसान होतं. उलट २०१६ मध्ये उंदरांत दिसलं की साठे तयार होण्याआधीच याच पेशी न्यूरॉनांचे जोड खाऊन टाकतात. एकच पेशी राखणही करते आणि नासधूसही. कधी काय, हे आजाराच्या टप्प्यावर ठरतं.

अल्झायमर यांनी लिहिलेली ती चरबीही परत चर्चेत आली आहे. अल्झायमरचा धोका वाढवणारा एपीओई-४ हा जनुकप्रकार आई-वडील दोघांकडून आलेल्या रुग्णांच्या मायक्रोग्लियांत चरबीचे थेंब साठतात आणि अशा पेशींमधून जे स्रवतं ते न्यूरॉनांना घातक ठरतं, असं स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं.