‘कशी आहे सिरीज?’ : प्रेक्षकांच्या मताची पार्श्वभूमी

‘पहिले तीन भाग संथ आहेत, पण नेटाने पाहा. चौथ्यापासून पकड घेते. शेवट मात्र गुंडाळलाय.’ सिरीज संपवून रात्री उशिरा कुणीतरी लिहिलेली अशी तीन वाक्यं वाचून कितीतरी जण आपल्या पुढच्या चार रात्री कशात घालवायच्या ते ठरवतात. या साध्या वाक्यांचं मोल मला फार वाटतं. कुठे कंटाळा आला, कुठे जीव गुंतला, कुठे फसवल्यासारखं वाटलं, हे सगळं त्यांत असतं. प्रेक्षकाचं मत विचारलं जाऊ लागलं त्याला आता शंभर वर्षं होत आली. मात्र ते कुणी विचारलं, कधी विचारलं आणि कोणत्या साच्यात मागितलं, यावर उत्तर फिरत गेलं.

सिनेमा पाहून लगेच लिहिण्याची ओढ सिनेमाइतकीच जुनी आहे. सिनेमाचे आद्य प्रवर्तक फ्रेंच ल्युमिएर बंधू यांची चलच्चित्रं रशियातल्या निझ्नी नोव्गोरोदला दाखवली गेली, तेव्हा लेखक मक्सिम गॉर्कीने आदल्या रात्रीचा अनुभव तिथल्या वृत्तपत्रात लिहिला. हे जुलै १८९६ मधलं. आवाज नाही, रंग नाही, माणसं सावल्यांसारखी हलतात, हे पाहून तो अस्वस्थ झाला होता. चांगलं की वाईट असा निकाल त्यात नव्हता, पाहताना काय झालं ते होतं.

निकालाची पद्धत १९२८ मध्ये आली. न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये आयरीन थायरर यांनी परीक्षणासोबत तारे द्यायला सुरुवात केली, जास्तीत जास्त तीन. वाचकाला एका नजरेत कळावं, एवढाच हेतू. पण तारे समीक्षकाचे होते. प्रेक्षकाचं मत तिकीटबारीवर दिसे तेवढंच, आणि स्टुडिओंना ते त्याआधीच हवं होतं. म्हणून चाचणी खेळ सुरू झाले : सिनेमा प्रदर्शित होण्याआधी एखाद्या थिएटरात दाखवायचा आणि बाहेर पडणाऱ्यांकडून कार्डं भरून घ्यायची.

या कार्डांची ताकद किती, हे १९४२ मध्ये दिसलं. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्या ‘द मॅग्निफिसंट अँबर्सन्स’चा चाचणी खेळ १७ मार्चला कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे झाला. हा संथ, खिन्न सिनेमा त्या रात्रीच्या प्रेक्षकांना मानवला नाही. काहींनी कार्डांवर मनापासून स्तुतीही लिहिली होती, पण सिनेमा बनवणारा हॉलिवूडचा आरकेओ स्टुडिओ नकारांनी घाबरला. वेल्स तेव्हा ब्राझीलमध्ये होते. इकडे सिनेमाची चाळीसहून अधिक मिनिटं कापली गेली, शेवट नव्याने चित्रित करून गोड केला गेला, आणि लोकांपुढे आला तो ८८ मिनिटांचा सिनेमा. कापलेला भाग पुढे नष्ट करण्यात आला. ही घटना वाचताना मला दर वेळी त्या प्रेक्षकांबद्दलही वाईट वाटतं. त्यांनी खोटं काही लिहिलं नव्हतं. सिनेमा मनात मुरायच्या आत त्यांच्या हाती पेन्सिल देण्यात आली, आणि त्यांच्या त्या क्षणाच्या मताचा उपयोग कात्रीसारखा केला गेला.

टीव्हीच्या काळात मत विचारणं मागे पडलं आणि मोजणं पुढे आलं. १९५० मध्ये अमेरिकेत नील्सन या कंपनीने निवडक घरांतल्या टीव्ही संचांना यंत्रं जोडून राष्ट्रीय पातळीवर मोजणी सुरू केली. संच कोणत्या वाहिनीवर चालू होता ते यंत्राला कळे, समोर बसलेल्याला कार्यक्रम आवडला का, ते कळत नसे. ज्यांना सांगायचंच होतं त्यांनी पत्रं लिहिली. ‘स्टार ट्रेक’ ही विज्ञानकथांची मालिका बंद होणार अशी कुणकुण लागल्यावर चाहत्यांनी ती दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीकडे पत्रांचा असा ओघ लावला की, मालिका चालू राहणार हे वाहिनीने मार्च १९६८ मध्ये पडद्यावरूनच जाहीर केलं. तिसरा सीझन आला खरा, पण शुक्रवारी रात्री दहाच्या अडचणीच्या वेळेला, आणि १९६९ मध्ये मालिका बंद झाली. १९७९ पासून ‘सिनेमास्कोर’ ही पाहणी करणारी अमेरिकन कंपनी प्रदर्शनाच्या पहिल्या रात्रीच प्रेक्षकांकडून ‘ए’ ते ‘एफ’ अशी श्रेणी घेऊ लागली. पहिल्या रात्री येणारा मुळात उत्सुक असतो, त्यामुळे तिथे ‘बी’ मिळणं हेही फारसं शुभ मानलं जात नाही.

सामान्य प्रेक्षकाला एकमेकांशी बोलायला जागा मिळाली ती संगणकाच्या जाळ्यावर. सिनेमावेड्यांनी युजनेट या जुन्या ऑनलाइन चर्चागटांवर जमवलेल्या नट-दिग्दर्शकांच्या याद्यांमध्ये शोध घेता यावा म्हणून कॉल नीडम यांनी १७ ऑक्टोबर १९९० रोजी एक छोटा प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला. तीच आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या संकेतस्थळाची सुरुवात. दहापैकी गुण द्यायची सवय जगभर रुजली ती तिथून. १९९८ मध्ये समीक्षकांची मतं एकत्र करणारं रॉटन टोमॅटोज हे संकेतस्थळ आलं, आणि एका गैरसमजालाही सुरुवात झाली. तिथले ९० टक्के म्हणजे १०० पैकी ९० गुण नव्हेत, १०० समीक्षकांपैकी ९० जणांना सिनेमा निदान बरा वाटला एवढंच. सगळ्यांना ‘ठीक’ वाटलेला सिनेमा तिथे शंभर टक्के मिळवतो, आणि काहींना वेड लावणारा पण काहींना अजिबात न झेपणारा साठ टक्क्यांवरच अडतो. ‘रेटिंग चांगलं होतं, तरी मला का नाही आवडली?’ या प्रश्नाचं उत्तर बरेचदा या हिशेबात सापडतं.

मग नेटफ्लिक्स. डीव्हीडी टपालाने पाठवण्याच्या काळात त्यांना तारे हवे होते, कारण त्यावरून पुढची शिफारस करायची होती. कुणाला काय आवडेल हा अंदाज १० टक्क्यांनी सुधारणाऱ्याला १० लाख डॉलर, अशी स्पर्धा त्यांनी ऑक्टोबर २००६ मध्ये लावली. स्पर्धकांना दिलेल्या माहितीत सुमारे ४,८०,००० ग्राहकांनी १७,७७० शीर्षकांना दिलेली १० कोटींहून जास्त रेटिंग्ज होती. नावं अर्थातच काढून टाकलेली. २००९ मध्ये ‘बेलकोर्स प्रॅग्मॅटिक केऑस’ हा चमू जिंकला. तेवढ्याच अचूकतेचा दुसरा चमू आपलं उत्तर वीस मिनिटं उशिरा पाठवल्यामुळे हरला.

मला या स्पर्धेची दुसरी बाजू जास्त विलक्षण वाटते. टेक्सास विद्यापीठातले अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी दाखवून दिलं की नावं काढून फारसं काही लपत नाही. एखाद्याने दिलेली आठ रेटिंग्ज आणि त्यांच्या तारखा अंदाजे ठाऊक असतील, त्यांतली दोन रेटिंग्ज चुकीची असली आणि तारखा दोन आठवड्यांनी मागेपुढे असल्या, तरी ९९ टक्के वेळा त्या गर्दीतून तोच एक माणूस वेगळा काढता येतो. आपण काय पाहिलं आणि ते कसं वाटलं, हे हस्ताक्षराइतकं आपलं असतं. खासगीपणाच्या आक्षेपांमुळे नेटफ्लिक्सची नियोजित दुसरी स्पर्धा २०१० मध्ये रद्द झाली.

दरम्यान, २००७ मध्ये स्ट्रीमिंग सुरू झालं होतं आणि ताऱ्यांची गरज ओसरू लागली होती. कुठे थांबवलं, कुठे मागे नेलं, कोणत्या भागानंतर सोडून दिलं, हे न विचारताच कळत होतं. लोक गंभीर माहितीपटाला पाच तारे देतात आणि रात्री हलकाफुलका विनोदी सिनेमा पाहतात, हेही दिसत होतं. एप्रिल २०१७ मध्ये तारे गेले, आवडलं तर वर आणि नाही आवडलं तर खाली असा अंगठा आला, आणि अंगठा दाबणारे खूपच वाढले. २०१८ मध्ये प्रेक्षकांनी लिहिलेले रिव्ह्यूही काढून टाकण्यात आले. वापर घटल्याचं कारण दिलं गेलं, पण मला ते पटत नाही. माहितीपटाला पाच तारे देणारा माणूस ढोंग करत नव्हता. ‘हे मोलाचं आहे’ आणि ‘आज मला हे पाहवेल’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तारे पहिलं विचारत होते, अंगठा दुसरं विचारतो.

पाहण्याची व्याख्याही सैल होत गेली. आधी सिनेमाचा किंवा मालिकेच्या एका भागाचा ७० टक्के हिस्सा पाहिला तरच नेटफ्लिक्स मोजत असे. २०२० च्या सुरुवातीला ही अट दोन मिनिटांवर आली. पुढे मोजले जाऊ लागले ते पाहिलेले एकूण तास, आणि २०२३ पासून त्या तासांना कलाकृतीच्या लांबीने भागून येणारा आकडा. त्यात मन लावून पाहणारा, मोबाइल चाळत पाहणारा आणि वैतागूनही शेवट कळावा म्हणून पाहणारा, सगळे सारखेच.

सगळे भाग एकदम देण्याच्या पद्धतीनेही बोलण्याचा पोत बदलला. फेब्रुवारी २०१३ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’चे तेराही भाग एकाच दिवशी आले. तोवर मत भागागणिक बनायचं, आठवडाभर तर्क लढवले जायचे, आणि पुढचा भाग ते खोटे पाडायचा. आता एक जण दुसऱ्या भागावर, दुसरा संपवून मोकळा. त्यामुळे मत सांगायचं तर आधी ‘स्पॉयलर आहेत’ अशी सूचना द्यावी लागते, आणि पुष्कळदा खरं बोलायचं असतं ते नेमकं शेवटाबद्दलच.

लिहू इच्छिणारे मात्र थांबले नाहीत. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून २०११ मध्ये सुरू झालेल्या, सिनेमाप्रेमींचं संकेतस्थळ असलेल्या लेटरबॉक्स्‌डने रोजनिशीचा जुना साचा घेतला : कोणत्या तारखेला काय पाहिलं, अर्ध्या-अर्ध्या ताऱ्यांची सोय, आणि खाली एका ओळीपासून हवं तेवढं लिहायला जागा. तोच सिनेमा पाच वर्षांनी पुन्हा पाहिला तर त्या दिवसाची वेगळी नोंद होते, नवे तारे, नवी वाक्यं. आधीची नोंद पुसली जात नाही, तिच्या तारखेसह तिथेच राहते.