दात तुटतो तो वेल्डिंगच्या शेजारी

तापीकाठची गाळाची माती उचलायला लोडरच्या बकेटचं सपाट पातं पुरतं. धुळे-नंदुरबारच्या मुरमात मात्र तेच पातं नुसतं घसरतं. समजा, पातं दीड मीटर लांब आणि १६ मिलिमीटर जाड आहे. ३ टन जोर लावला, तर दर चौरस सेंटीमीटरच्या वाट्याला जेमतेम साडेबारा किलो येतात. आता त्यालाच सहा दात लावा, प्रत्येकाचं टोक ५ सेंटीमीटर रुंद आणि १ सेंटीमीटर जाड. तोच जोर ३० चौरस सेंटीमीटरवर एकवटतो आणि १०० किलो होतो. इंजिन तेच, डिझेलही तेवढंच.

पण दात कशाचे करायचे? बसाल्टच्या मुरमात गारगोटी असते. खनिजांचा कठीणपणा १ ते १० मध्ये मोजणाऱ्या मोह्सच्या मापावर ती ७, साधं पोलाद ४ च्या आसपास. साध्या प्लेटचे दात म्हणूनच लवकर बोथट होतात. मग ट्रकच्या कमानीचे जुने पाटे कापून दात केले जातात. त्यात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त, बकेटच्या प्लेटमध्ये पाव टक्क्याच्याही आत. खरी गोम इथेच आहे.

वेल्डिंगच्या जागी पोलाद वितळतं आणि भोवतालची जाड, थंड प्लेट ती उष्णता झपाट्याने ओढून घेते. लोहाराने लाल विळा पाण्यात बुडवावा तशी सांध्याला लागून असलेली पाट्याची पट्टी, त्यातल्या जास्त कार्बनमुळे, कडक होते आणि ठिसूळही. त्यात रॉडच्या आवरणातली ओल, गंज, ग्रीस यांतून हायड्रोजन सुटतो. त्याचे अणू इतके लहान की घट्ट पोलादातूनही सरकत सरकत त्या ठिसूळ पट्टीत जमतात. तडा लगेच दिसत नाही. कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडतो. संध्याकाळी ठणठणीत वाटलेला दात सकाळी मुरमात पडतो आणि बोलणी वेल्डर खातो. बिचाऱ्याचा टाका बहुतेक वेळा शाबूतच असतो!

उपाय महागडे नाहीत. ७०१८ जातीचे, म्हणजे कमी हायड्रोजन सोडणारे, वेल्डिंग रॉड ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजून गरमच वापरायचे. गंज, रंग आणि ग्रीस ग्राइंडरने साफ करायचं. पाटा आणि प्लेट दोन्ही २०० ते २५० अंशांपर्यंत तापवायचे. (जळगावच्या मे महिन्याचं ऊन यासाठी पुरत नाही.) झाल्यावर पाणी अजिबात ओतायचं नाही, सांधा कोरड्या राखेत किंवा चुन्यात झाकून सावकाश निवू द्यायचा.

रोज मुरूमच खणायचा असेल, तर पाट्याचा हा खटाटोप मला परवडणारा वाटत नाही. तयार अडॅप्टर, म्हणजे दात बसवायचा खुंट, नीट तापवून एकदाच वेल्ड करावा. दात त्याच्यावर पिनेने बसतो. झिजला की पिन ठोकून काढायची, नवा चढवायचा. शेत सपाट करायला मात्र दाताची बकेट नेऊ नये, चऱ्या पडतात. ओली काळी माती तर दातांच्या फटीत चिकटून बसते. तिथे बोल्टने बसणारं सपाट पातंच बरं. दोन्ही कडा सारख्या असलेलं घेतलं, तर एक झिजल्यावर उलटून दुसरी वापरता येते.