एका पातेल्यातली वीस शितं

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला सगळा भात एकाच आचेवर शिजलेला असतो. पण पन्नास घरांचा भात पाहायचा असेल, तर एकाच पातेल्यातली वीस शितं दाबून काय कळणार? विकास योजनांच्या मूल्यमापनात ही चूक सर्रास होते.

समजा, मुलींची शाळा सुटू नये म्हणून एका देशाने योजना काढली. ती चालते का हे पाहायला ५० गावांतली प्रत्येकी २० घरं निवडली आणि १,००० फॉर्म भरले. आता एका गावातल्या घरांना शाळा एकच, पाऊस एकच, मजुरीचा दरही तोच, त्यामुळे उत्तरंही मिळतीजुळती येतात. हे साम्य ० ते १ या मापात मोजतात. ते ०.२ असेल तर हिशेब असा: २० मधून १ वजा, १९. गुणिले ०.२, म्हणजे ३.८. त्यात १ मिळवला की ४.८. १,००० ला ४.८ ने भागलं की उरतात २०८. म्हणजे फॉर्म हजार, पण माहिती जेमतेम २०८ सुट्या घरांएवढी. तेच हजार फॉर्म २०० गावांत पाच-पाच घरं घेऊन भरले, तर हा आकडा ५५६ वर जातो. गाडीभाडं मात्र वाढतं.

हा ०.२ आणायचा कुठून? त्याच देशातल्या, त्याच विषयावरच्या जुन्या पाहणीतून. परदेशी सल्लागार आले, पाहणी केली, अहवाल दिला आणि डेटा बरोबर घेऊन गेले, तर पुढचं मूल्यमापन पुन्हा अंदाजपंचे सुरू होतं. म्हणून देशाची मूल्यमापनाची क्षमता वाढवायची तर पाच दिवसांची कार्यशाळा पुरत नाही. जुना डेटा, पाहणीसाठी गावं-घरं निवडणारे लोक आणि निष्कर्ष छापण्याचा अधिकार, तिन्ही गोष्टी देशात राहायला हव्यात.

मेक्सिकोने हे कसं केलं ते पाहण्यासारखं आहे. १९९७ मध्ये तिथे ‘प्रोग्रेसा’ सुरू झाली. मुलं शाळेत गेली आणि घरच्यांनी दवाखान्यात तपासण्या करून घेतल्या, तर आईच्या हाती रोख रक्कम. अर्थखात्यातले सान्तियागो लेवी आणि लोकसंख्याशास्त्रज्ञ होसे गोमेस दे लेओन यांनी सुरुवातीलाच मूल्यमापनाची तजवीज केली. सगळ्या गावांना एकदम पैसे देणं शक्य नव्हतंच. म्हणून ५०६ गावं घेऊन सोडतीने ३२० गावांना आधी लाभ दिला, १८६ गावांना नंतर. वाट पाहणारी गावं हाच तुलना गट. सोडत गावांची काढली, घरांची नाही, कारण शेजारणीची मुलगी शाळेत जाऊ लागली की बिनलाभाच्या घरातलीही जाऊ शकते आणि फरक पुसला जातो. विश्लेषण वॉशिंग्टनच्या एका संशोधन संस्थेने केलं, पण प्रश्न आणि आराखडा मेक्सिकोचा होता. माध्यमिक शाळेतल्या मुलींची पटनोंदणी आधी सुमारे ६७ टक्के होती, ती ७ ते ९ टक्के-बिंदूंनी वाढली. २००० मध्ये सत्तांतर झालं, योजनेचं नाव बदललं, योजना टिकली. मला वाटतं, त्यात या आकड्यांचा मोठा वाटा आहे.

पुढे २००४ च्या कायद्याने सामाजिक योजनांच्या मूल्यमापनाची घडी बसवली आणि ‘कोनेव्हाल’ ही संस्था निर्माण केली. तिच्या मंडळावर सहा संशोधक असत. २०२५ मध्ये ती बंद झाली आणि काम सांख्यिकी संस्थेकडे गेलं, हे वाईट झालं. भारतानेही १९५२ मध्ये, समूह विकास कार्यक्रमाबरोबरच, कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापली होती. इतक्या लवकर हा विचार करणारे देश फार नव्हते.

आराखडा कितीही चोख असला तरी सगळं बिघडतं ते फॉर्म भरताना. ‘गेल्या महिन्यात घरात कोणी आजारी पडलं का?’ याला ‘हो’ म्हटलं की पुढचे बारा प्रश्न विचारावे लागतात. ‘नाही’ म्हटलं की सुटका. दुसऱ्या आठवड्यापासून ‘नाही’ वाढू लागतात, आणि साथ ओसरली असं वाटतं. पाहणी करणाऱ्यांना फॉर्मामागे पैसे मिळत असतील तर हे आणखी लवकर होतं. म्हणून रोजंदारी द्यावी. दर आठवड्याला प्रत्येकाच्या फॉर्मांतल्या ‘हो’चं प्रमाण शेजारी शेजारी मांडून पाहावं. शिवाय दहातल्या एका घरी काही दिवसांतच दुसऱ्या माणसाने जाऊन आठ-दहा प्रश्न पुन्हा विचारावेत. घरात माणसं किती, छप्पर कशाचं, असे लगेच न बदलणारे प्रश्न त्यात हवेतच. छपराचं उत्तर जुळलं नाही, तर पहिला माणूस त्या घरी गेला होता का, इथून चौकशी सुरू करावी.

तुलना गटातल्या गावांवरही लक्ष ठेवावं लागतं. एखादी संस्था चांगल्या हेतूने तिथेच शिष्यवृत्ती वाटू लागते आणि योजनेचा परिणाम खऱ्याहून कमी दिसतो. हे थांबवता येत नाही, पण कोणत्या गावात, कधी, काय आलं याची नोंदवही ठेवली तर हिशेबात धरता येतं.

अहवाल कपाटात जाऊ नये म्हणून दक्षिण आफ्रिकेने एक साधी सोय केली. २०११ मध्ये तिथे राष्ट्रीय मूल्यमापन धोरणाची चौकट ठरली. त्यानुसार अहवाल तीन मापांत लिहायचा: धोरण ठरवणाऱ्यांसाठी १ पान, गोषवारा ५ पानांचा, मुख्य अहवाल २५ पानांचा. त्यानंतर संबंधित खात्याने सुधारणा आराखडा करायचा: काय बदलणार, कोण बदलणार आणि कोणत्या तारखेपर्यंत.