सकाळी आम्ही येण्याआधी खिडक्या उघडू नका
घरातली हवा किती खेळती आहे, याची मोजणी करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी

कोणी यायचं म्हटलं की खिडक्या सताड उघडायच्या, पंखा मोठा करायचा, उदबत्ती लावायची. चांगली सवय आहे, पण आमच्यासाठी नको. तुमच्या बेडरूममध्ये रात्रभर साठलेली कोंदट हवाच आम्हाला हवी असते. ती आम्ही पोचायच्या आत बाहेर गेली, तर घोडबंदर रोडची सकाळची गर्दी पार करून आलेली आमची फेरी फुकट जाते आणि तुमची सकाळही.

बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग असतो. दोन माणसं दार-खिडकी लावून झोपली की पहाटेपर्यंत खोलीत तो दीड-दोन हजारांवर सहज जातो. आम्ही येऊन आधी तो आकडा घेतो, सगळ्यांना खोलीबाहेर काढतो, तुम्ही रोज उघडता तेवढीच खिडकी उघडतो आणि आकडा किती वेगाने खाली येतो ते अर्धा तास बघत बसतो. समजा १६०० वरून ७०० वर आला. म्हणजे बाहेरच्यापेक्षा जास्तीचा भाग ११८० होता, तो २८० उरला. यावरून खोलीची हवा तासाला सुमारे २.९ वेळा बदलते, असा हिशोब निघतो. आता खिडकी पहाटेच उघडली असेल, तर सुरुवातच ५०० ला होते. आमच्या मीटरमध्ये पन्नासेक पीपीएम इकडेतिकडे होऊ शकतात, म्हणजे राहिलेल्या ८० मधून काढायचं काय? नुसता अंदाज सांगून पैसे घेणं आम्हाला जमत नाही.

मोजणी चालू असताना चहा टाकू नका. गॅसच्या ज्योतीतूनही कार्बन डायऑक्साइड निघतो आणि किचन लागून असेल तर मीटर लगेच सांगतो. देवापुढची निरांजनंही अर्धा तास थांबवता आली तर बरं. चहा नंतर आवर्जून घेऊ. घरातली मंडळी मीटरभोवती कोंडाळं करून श्वास सोडतात, तेही टाळा. छताचा पंखा मात्र बंद करू नका, एक नंबरवर ठेवा. खोलीतली हवा एकसारखी मिसळलेली हवी. पंखा बाहेरची हवा आणत नाही, आहे तीच फिरवतो. स्प्लिट एसीचंही तेच, गार करतो ती आतलीच हवा. “एसी चालू होता, तरी सकाळी डोकं जड का?” हा प्रश्न आम्हाला वाशीपासून कासारवडवलीपर्यंत सगळीकडे ऐकू येतो.

काही जण म्हणतात, उदबत्तीचा धूर बघून कळतंच की. धूर हवा कुठे जाते ते दाखवतो, किती जाते ते नाही. आम्हीही तो वापरतो, पण मोजणी झाल्यावर, हवा कुठे अडते ते शोधायला. बहुतेक वेळा ती स्लायडिंग खिडकीतच अडते. पाच बाय चारची दोन पट्ट्यांची खिडकी कागदावर २० चौरस फूट दिसते, उघडते जेमतेम १०. त्यावर डासांची जाळी, ग्रिलमध्ये कुंड्या आणि कधीकाळी आलेल्या टीव्हीचा खोका. इको-निवास संहितेत, म्हणजे घरांसाठीच्या केंद्र सरकारच्या ऊर्जाबचत नियमावलीत, आपल्यासारख्या दमट-उष्ण हवामानासाठी उघडणारा भाग चटईक्षेत्राच्या १६.६६ टक्के, म्हणजे सहाव्या भागाएवढा सांगितला आहे. हे प्रमाण अख्ख्या घराचं असलं, तरी १० बाय १२ च्या खोलीला लावून बघा, २० चौरस फूट लागतात. शिवाय हवा आत आली तर तिला बाहेर जायलाही वाट हवी. समोरचं दार आणि ड्राय बाल्कनीची खिडकी उघडताच आकडा धाडकन पडतो, हे तुम्हाला समोरच दिसेल. एवढ्यावर भागत असेल तर तसंच लिहून देतो. एक्झॉस्ट फॅन किंवा एसी आम्ही विकत नाही, त्यामुळे आमच्या अहवालात यंत्राचं नाव आलं तर ते खरंच लागतं म्हणून.

सकाळी सातलाच का, यावर कुरकुर होते. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की आकडा देखणा येतो. सकाळी वारा बहुधा पडलेला असतो, तेव्हा जे घर पास होतं ते एरवीही सांभाळून घेतं. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा आणि बंद खिडक्या, दोन्ही असतात. ज्यांना फरक बघायचा आहे त्यांनी जुलैत पुन्हा बोलवावं, दुसऱ्या मोजणीला निम्मेच पैसे घेतो. आधी उघडलेल्या खिडकीमुळे परत यावं लागलं, तर मात्र फेरीचा खर्च पूर्ण लागेल.

रात्री उकडलं आणि खिडकी उघडावी लागली, तर उघडा. फक्त सहाच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा, आम्ही दुसरा दिवस देऊ.