खाऱ्या वाऱ्यात लिथियमची बॅटरी

गाडीत लिथियम बॅटरी बसवायची म्हटली की सगळी चर्चा किती ॲम्पिअर-अवरची, म्हणजे किती क्षमतेची घ्यायची यावरच होते. कॅम्पर व्हॅन घेऊन कोकणात हिंडणाऱ्यांनी मात्र आधी जोडणी बघावी. या बॅटरीचा अंतर्गत रोध फारच कमी असतो. हा तिचा मोठा गुण, आणि बहुतेक कटकटींचं मूळही तेच.

अशा गाड्यांत सहसा लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकार वापरतात. जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या गटाने हा पदार्थ पुढे आणला. १९९७ च्या त्या शोधनिबंधावर पहिलं नाव अक्षय पाढी यांचं आहे. एक सेल ३.२ व्होल्टचा. चार सेल एकसर जोडले की १२.८ व्होल्ट होतात, म्हणून ती जुन्या लेड-ॲसिड बॅटरीच्या जागी 'फिट' बसते असं दुकानदार सांगतो.

फिट बसते, पण वागते वेगळी. लेड-ॲसिड बॅटरी भरत आली की करंट आपसूक घटतो. लिथियम मात्र रोध कमी असल्याने जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत मिळेल तेवढा करंट ओढत राहते. दाभोळच्या जेटीवर फेरीबोटीची वाट बघत इंजिन नुसतं चालू ठेवलंत, तर अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या यंत्राचा) पंखा मंद फिरतो आणि करंट मात्र पुरता जात असतो. त्याचं वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, तापून जळतं ते असंच. त्यातच बॅटरीच्या बीएमएसने (आतल्या संरक्षक सर्किटने) जोडणी मध्येच तोडली, तर व्होल्टेज एकदम उसळून अल्टरनेटरचे डायोड जातात. मधे डीसी-टू-डीसी चार्जर असला की करंट ठरलेल्या मर्यादेत, समजा ३० ॲम्पिअरवर राहतो, आणि इंजिन सुरू करणारी वेगळी जुनी बॅटरी अल्टरनेटरला जोडलेलीच असते, त्यामुळे बीएमएसने तोडलं तरी व्होल्टेज तसं उसळत नाही. पैसे कमी पडत असतील तर बॅटरी लहान घ्या, पण हा चार्जर गाळू नका.

आता खारी हवा. इन्व्हर्टरवर १२०० वॅटची इंडक्शन शेगडी लावली की बॅटरीतून शंभरेक ॲम्पिअर निघतात. ३५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला अर्धा मिलिओहम. तिच्या टोकाच्या थिंबलवर (बोल्टला अडकवायच्या धातूच्या कडीवर) हिरवट थर चढून तिथे अडीच मिलिओहम झाला, तर त्या एका सांध्यात पाच मीटर वायरीइतका रोध आला. उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे तिथे २५ वॅट खर्ची पडतात: लहान सोल्डरिंग आयर्न बोल्टला टेकवून ठेवल्यासारखं. फ्यूज उडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. म्हणून कथिलाचा मुलामा असलेली वायर घ्यावी, थिंबल दाबून बसवावं आणि वर्षातून दोनदा बोल्ट आवळावेत. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळच हवा.

दोन बॅटऱ्या समांतर जोडताना आधी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण भरून घ्या. अर्ध्या व्होल्टचा फरक आणि वाटेत १० मिलिओहम, एवढ्यावर जोडताक्षणी ५० ॲम्पिअर धावतात. मग प्लस एकीवरून आणि मायनस दुसरीवरून काढा, म्हणजे दोघींवर भार सारखा येतो.

थंडीत चार्ज करण्यासाठी हीटर असलेली बॅटरी कुणी गळ्यात मारत असेल, तर ती हिमाचलवाल्यांना लागते. शून्याखाली चार्जिंग केलं की धातुरूप लिथियम साचतं. आपला शत्रू मे महिन्यातला बंद गाडीतला उकाडा. पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते. पावसाळ्यात गाडी उभी करणार असाल, तर निम्म्यावर आणून मायनसची वायर सोडवून ठेवा.