६२, ९० आणि ७०: लशीच्या टक्केवारीमागची गोष्ट

१६ ते २३ नोव्हेंबर २०२० या आठवड्यात मॉडर्नाच्या कोरोना लशीचा ९४.५, फायझरच्या लशीचा ९५ आणि ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लशीचा (भारतातली कोव्हिशील्ड) ७० टक्के असे तीन आकडे जाहीर झाले आणि लोकांनी ते परीक्षेच्या गुणांसारखे वाचले. त्यातला तिसरा आकडा कसा तयार झाला, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

लस घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना करण्यातली गोम शंभर वर्षांपूर्वीच लक्षात आली होती. ब्रिटिश सैनिकांना विषमज्वराची लस स्वेच्छेने दिली जाई आणि पुढे येणारे शिपाई मुळातच काळजी घेणारे असू शकत होते. १९१५ साली दोन संख्याशास्त्रज्ञांनी अटी मांडल्या: दोन्ही गट सारखे हवेत, संसर्गाची शक्यता सारखी हवी आणि आजाराचे निदान करताना लस घेतली की नाही याचा प्रभाव पडता कामा नये.

१९५४च्या अमेरिकेतल्या पोलिओ चाचणीत याचा प्रत्यय आला. प्लासिबो (लस नसलेले, दिसायला सारखे इंजेक्शन) वापरलेल्या भागांत लस मिळालेल्या मुलांमध्ये लाखामागे २८ रुग्ण, प्लासिबो गटात ७१. पण ज्यांच्या पालकांनी संमतीच दिली नाही, त्या मुलांमध्ये ४६! लस न घेता हा गट प्लासिबो गटापेक्षा बरा कसा? संमती देणारी कुटुंबे तुलनेने सुखवस्तू होती. स्वच्छ घरांतल्या मुलांना तान्हेपणी सौम्य संसर्ग होऊन मिळणारी प्रतिकारशक्ती मिळालेली नसे. म्हणून जिथे फक्त संमती मिळालेल्या दुसरीच्या मुलांना लस देऊन पहिली-तिसरीच्या सगळ्या मुलांशी तुलना केली, तिथे २५ विरुद्ध ५४ असा फरक दिसला, म्हणजे लशीचा परिणाम होता त्यापेक्षा कमी भासला.

आता २०२०. ९५ टक्के म्हणजे शंभरातल्या पाच जणांना आजार होणार, असा अर्थ सर्रास लावला गेला. फायझरच्या चाचणीतली नोंद अशी होती: प्रत्येक गटात साधारण १८ हजार माणसे, लस घेतलेल्यांत ८ रुग्ण, प्लासिबो गटात १६२. म्हणजे लस न मिळालेल्यांतही तेवढ्या काळात शंभरी एकालाही लक्षणांसह आजार झालेला नव्हता. ९५ आला तो ८ आणि १६२ यांच्या गुणोत्तरातून: ८ म्हणजे १६२च्या सुमारे ५ टक्के, म्हणून घट ९५ टक्के. ‘खरा फायदा फक्त ०.८४ टक्के’ असे संदेशही फिरले; हा दोन्ही गटांत आजारी पडलेल्यांच्या टक्केवारीतला फरक. तो आकडा चुकीचा नव्हता, पण तो त्या दोन-तीन महिन्यांच्या साथीला बांधलेला होता. साथ भडकली की तो फरकही वाढतो. मराठीत आणखी एक घोळ आहे. चाचणीत दिसलेली घट आणि पुढे प्रत्यक्ष लसीकरणात दिसणारी घट, दोन्हींना आपण ‘परिणामकारकता’च म्हणतो.

आणि आता ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाचा ७०. ब्रिटन आणि ब्राझीलमधल्या चाचण्या एकत्र करून तो काढला होता. ब्रिटनमधल्या काही स्वयंसेवकांना पहिला डोस अर्धाच मिळाला होता, कारण लशीतले प्रमाण मोजण्याच्या दोन पद्धतींचे आकडे जुळले नव्हते. या गटात लस घेतलेल्यांत ३ आणि तुलनेच्या गटात ३० रुग्ण, म्हणून ९० टक्के. दोन्ही डोस पूर्ण मिळालेल्यांत २७ आणि ७१, म्हणून ६२. दोन्हींची बेरीज ३० आणि १०१, म्हणून ७०.

एकत्रित विश्लेषण आधीच ठरलेल्या आराखड्यात होते, हे बचावात सांगितले गेले आणि ते खरे आहे. तरीही माझ्या मते तो आकडा मथळ्यात द्यायला नको होता. ७० टक्के परिणाम देणारी डोसाची पद्धत कोणालाच दिलेली नव्हती. त्यात अर्ध्या डोसाच्या गटात ५५ वर्षांवरचे कोणीही नव्हते, ही बाब कळली ती पहिल्या घोषणेनंतर. तरुणांचा गट घेतला की आकडा चांगला येऊ शकतो, ही १९१५च्या पहिल्या अटीचीच गोष्ट आहे.

शिवाय प्रत्येक टक्क्याभोवती एक पट्टा असतो, कॉन्फिडन्स इंटर्व्हल: खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो, हे तो सांगतो. वाचायला हवा तो हाच. ९०चा पट्टा ६७ ते ९७ इतका रुंद होता, कारण तो फक्त ३३ रुग्णांवर उभा होता. ६२चा होता ४१ ते ७६. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढतात. अमेरिकेच्या नियामकांनी जून २०२०मध्ये किमान ५० टक्क्यांची अट घातली, तेव्हाच पट्ट्याचे खालचे टोक ३०च्या वर हवे असेही म्हटले होते. बातम्यांत ५० आले, ३० राहून गेले.

अर्ध्या डोसाच्या गटात दोन डोसांमधले अंतरही जास्त पडले होते. फेब्रुवारी २०२१मध्ये पूर्ण डोस घेतलेल्यांची अंतरानुसार विभागणी प्रसिद्ध झाली: सहा आठवड्यांहून कमी अंतर असेल तर ५५ टक्के, बारा किंवा अधिक असेल तर ८१. म्हणजे सगळे श्रेय अर्ध्या डोसाला देऊन चालणार नव्हते.

मार्चमध्ये याच लशीच्या अमेरिकेतल्या चाचणीचा आकडा आला, चार आठवड्यांच्या अंतराने दोन पूर्ण डोस, ७९ टक्के. आकडेवारी जुनी असल्याचा आक्षेप चाचणीच्याच स्वतंत्र देखरेख मंडळाने घेतला आणि तीनच दिवसांत ७६ टक्के जाहीर झाले. ७९ काढताना १४१ रुग्ण मोजले होते, ७६ काढताना १९०.